बेड्यावरचा कॅमेरा

१९६६ सालची गोष्ट. न्यूयॉर्क शहराच्या क्वीन्स भागात जमैका नावाची वस्ती आहे (वेस्ट इंडीजवालं जमैका नव्हे, हे न्यूयॉर्कातलंच). तिथे मेरी व्हॅन ब्रिटन ब्राउन नावाची एक कृष्णवर्णीय नर्स राहत होती. नवरा आल्बर्ट इलेक्ट्रॉनिक्सचा तंत्रज्ञ. दोघांच्याही कामाच्या वेळा अडनिड्या, त्यामुळे मेरीबाई कित्येकदा रात्रीअपरात्री घरात एकट्या. वस्तीत चोऱ्यामाऱ्या वाढलेल्या, आणि पोलिसांना फोन केला तर ते येणार त्यांच्या सवडीने. दारावर थाप पडली की उठायचं, दाराशी जायचं आणि भोकाला डोळा लावून बघायचं. म्हणजे ज्याची भीती वाटते त्याच्यापासून फक्त एका फळीच्या अंतरावर जाऊन उभं राहायचं!

हे काही मेरीबाईंना पटेना. मग नवराबायकोने मिळून एक यंत्रणा रचली. दाराला एकाखाली एक भोकं, उंच माणसासाठी वरचं, पोरासोरांसाठी खालचं. आतल्या बाजूने एक टीव्ही कॅमेरा वरखाली सरकणारा, हव्या त्या भोकासमोर थांबणारा. त्याचं चित्र झोपायच्या खोलीतल्या पडद्यावर. बाहेरच्याशी बोलायला मायक्रोफोन आणि स्पीकर. ओळखीचा निघाला तर खोलीत बसल्याबसल्याच बटणाने दाराची कडी सोडायची, आणि नसला तर दुसरं बटण दाबून बाहेर धोक्याचा इशारा पाठवायचा. आराखड्यात रेडिओलहरींचाही वापर होता. १ ऑगस्ट १९६६ ला अर्ज केला, २ डिसेंबर १९६९ ला पेटंट मिळालं. क्रमांक ३४८२०३७.

आज कुठल्याही दुकानात मिळणारी व्हिडिओवाली दारावरची घंटा घ्या आणि ही यादी पुन्हा वाचा. काय राहिलंय? फक्त टीव्हीच्या जागी मोबाइल आला.

पण मला या सगळ्यात सगळ्यात जास्त काय आवडलं असेल, तर तो पडदा कुठे होता ते. तो मेरीबाईंच्या पलंगाजवळ होता. घरात जी एकटी आहे तिनेच बघायचं, तिनेच ठरवायचं. दुसरं कोणी तिच्यासाठी बघत नव्हतं, आणि तिच्याकडेही कोणी बघत नव्हतं.

कॅमेऱ्याचा इतिहास बघितला तर हे उफराटंच होतं म्हणायचं. त्याआधीचा बंदिस्त तारेवरचा टीव्ही मोठ्या लोकांच्या कामाचा. १९४२ साली बाल्टिक समुद्राकाठी पेनेम्युंड इथे जर्मनांचे व्ही-२ अग्निबाण उडत, त्यांचं उड्डाण सुरक्षित अंतरावरून दिसावं म्हणून वॉल्टर ब्रुख नावाच्या अभियंत्याने कॅमेरे बसवले होते. माणूस जिथे उभा राहिला तर भाजून निघेल तिथे कॅमेरा ठेवायचा, ही मूळ कल्पना. (अवांतर: याच ब्रुखने पुढे १९६०च्या दशकात रंगीत टीव्हीची 'पाल' पद्धत काढली. १९८२च्या एशियाडच्या वेळी आपल्याकडे दूरदर्शन रंगीत झालं ते याच पद्धतीने. अप्पूचा रंग बघायला शेजाऱ्यांकडे जमलेली आपली सगळी पिढी या माणसाची देणेकरी आहे, आणि त्याचं नाव कोणाला ठाऊक नाही.) पुढे तेच कॅमेरे बँकांत आणि कारखान्यांत आले, पण नातं तेच राहिलं. बघणारा मालक, दिसणारे बाकीचे. मेरीबाईंनी हे नातं उलटं केलं.

त्यांची यंत्रणा बाजारात मात्र आली नाही. तेव्हाचा टीव्ही कॅमेरा म्हणजे केवढं धूड आणि किंमत केवढी! अमेरिकेत तेव्हा पेटंट मिळाल्यापासून १७ वर्षं चालायचं, म्हणजे १९८६च्या डिसेंबरात ते संपलंही. १९९९च्या फेब्रुवारीत त्या गेल्या. दारावरच्या कॅमेऱ्यांचा खरा धंदा सुरू व्हायला अजून दीड दशक होतं.

आता हे सगळं मी का सांगतोय? तर आमच्या घरात सध्या कॅमेऱ्यांवरून महाभारत चालू आहे. :) नातेवाईक मंडळींना ठाऊक आहेच, इतरांसाठी थोडक्यात. आमच्या माई, म्हणजे माझी काकू, वय ७८. रत्नागिरी जिल्ह्यातल्या वाडीत जुन्या चिरेबंदी घरात काका गेल्यापासून एकटीच राहते. 'पुण्याला चल' म्हटलं की 'कशाला, तुमच्या बंद दारात गुदमरायला?' हे उत्तर ठरलेलं. दादा, म्हणजे तिचा मुलगा, न्यू जर्सीत. त्याने गेल्या वर्षी तीन बिनतारी कॅमेरे आणि घरभर पुरेल असा मेश वाय-फायचा संच माझ्या पत्त्यावर पाठवला आणि फर्मान काढलं: एक बेड्यावर (बेडं म्हणजे आमच्याकडचं फाटक), एक मागच्या आगरात आणि एक ओटीवर, माईच्या झोपाळ्याकडे तोंड करून. पहिल्या दोघांना माईची हरकत नव्हती. तिसऱ्याचं नाव काढल्यावर ती एवढंच म्हणाली, "अरे, मी काय म्हशीचं रेडकू आहे का, लक्ष ठेवायला?"

तिच्या त्या वाक्यामुळे मी हा इतिहास धुंडाळायला लागलो. कारण मेरीबाईंच्या पलंगाजवळचा पडदा न्यू जर्सीपर्यंत पोचला कसा, हा साधा प्रश्न नाही. त्यात दोन वेगवेगळ्या कहाण्या आहेत, एक कॅमेऱ्याची आणि एक हवेची.

कॅमेऱ्याची कहाणी मजेदार आहे आणि छोटी आहे. १९९१ साली इंग्लंडातल्या केंब्रिज विद्यापीठाच्या संगणक प्रयोगशाळेत ट्रोजन रूम नावाच्या खोलीबाहेर कॉफीचं एक भांडं असे. बाकीचे लोक दुसऱ्या मजल्यांवर. एवढे जिने उतरून यावं आणि भांडं रिकामं! तेव्हा क्वेंटिन स्टॅफर्ड-फ्रेझर आणि पॉल जार्डेट्झ्की या दोघांनी भांड्यावर एक कॅमेरा रोखला आणि त्याचं चित्र इमारतीतल्या संगणकांवर दिसेल अशी सोय केली. १२८ गुणिले १२८ ठिपक्यांचं करड्या रंगातलं चित्र. १९९३च्या नोव्हेंबरात ते इंटरनेटला जोडलं गेलं आणि जगभरचे लोक दुसऱ्यांच्या कॉफीकडे बघत बसले. २२ ऑगस्ट २००१ ला तो कॅमेरा बंद झाला, भांड्याचा ऑनलाइन लिलाव झाला आणि जर्मनीतल्या 'डेर श्पीगेल'च्या वेबसाइटवाल्यांनी ते ३३५० पौंडांना घेतलं. १९९६ साली स्वीडनच्या ॲक्सिस कंपनीने 'नेटआय २००' नावाचा कॅमेरा विकायला काढला, तो संगणकाशिवाय थेट नेटवर्कला लावता येई. सेकंदाला एखादं चित्र यायचं. हसू नका, आमच्याकडे तेव्हा फोनचा नंबर लागायला वर्षं जायची.

इथे गंमत अशी की बघणारा माणूस आता पडद्याजवळ असायची गरज उरली नाही. तो कुठेही असू शकतो. कॉफीच्या भांड्याला त्याचं काही सुखदुःख नव्हतं, हा भाग निराळा.

हवेची कहाणी जास्त लांब आहे, आणि खरं सांगू का, मला तीच जास्त भावली. तिची सुरुवात हवाई बेटांवर होते. विद्यापीठाचा मोठा संगणक एका बेटावर, कॉलेजं इतर बेटांवर, मध्ये समुद्र आणि टेलिफोनच्या तारा महाग नि रद्दी. नॉर्मन एब्रॅमसन या प्राध्यापकांनी (सर्फिंगच्या ओढीने हवाईला आले म्हणतात) १९७१ साली रेडिओवर चालणारं 'अलोहानेट' उभं केलं. अडचण अशी की हवा एकच. दोघे एकदम बोलले तर दोघांचंही बोलणं वाया. एब्रॅमसननी त्यावर काढलेला तोडगा आपल्या लग्नाच्या पंगतीत चालतो तसाच: बोलून टाका, समोरून 'पोचलं' असं आलं नाही तर थोडा वेळ थांबा, प्रत्येकाने वेगवेगळा, आणि पुन्हा बोला. या पद्धतीत हवेच्या क्षमतेतली जेमतेम १८ टक्केच कामी येते असं गणित सांगतं. तरी चाललं! पुढे 'आधी ऐका, मग बोला' अशी सुधारणा झाली आणि आपल्या घरातलं वाय-फाय आजही बऱ्याच अंशी त्याच शिस्तीवर चालतं. हवा एक, बोलणारा एका वेळी एक. हे वाक्य लक्षात ठेवा, पुढे कॅमेरा बेड्यावर लावताना लागणार आहे.

त्याच दशकात अमेरिकी संरक्षण खात्याच्या पैशांवर सॅन फ्रान्सिस्कोच्या आसपास 'पॅकेट रेडिओ'चे प्रयोग चालले. एकाचं बोलणं दुसऱ्याने ऐकून पुढे तिसऱ्याला द्यायचं, असं डोंगरमाथ्यांवरून हस्ते परहस्ते. २७ ऑगस्ट १९७६ ला त्या लोकांनी आपली व्हॅन रोसोटीज नावाच्या एका बिअर पिण्याच्या अंगणापाशी उभी केली, बाहेरच्या टेबलावर टर्मिनल मांडलं आणि तिथून रेडिओमार्गे दुसऱ्या जाळ्यात निरोप पाठवला. आजच्या इंटरनेटचं एक बारसं असं गुत्त्याच्या अंगणात झालंय. मेशची कल्पनाही तिथलीच, निरोप पुढे देत राहायचं.

मग ही लष्करातली चैन आपल्या घरात आली कशी? १९८५ साली अमेरिकेच्या संपर्क आयोगाने रेडिओचे काही पट्टे विनापरवाना वापरायला मोकळे केले. त्यातला एक २.४ गिगाहर्ट्झचा. तो कोणालाच नको होता, कारण त्यात मायक्रोवेव्ह ओव्हन बोंबलत असत. चाळीतली संडासाजवळची खोली म्हणा ना. पण भाडं शून्य! गल्ल्यावरची बिलाची यंत्रं बनवणाऱ्या एनसीआर कंपनीच्या हॉलंडमधल्या लोकांना दुकानात दरवेळी नव्या तारा ओढायचा कंटाळा आला होता. त्यांनी ही खोली धरली. पुढे त्यांच्यातलेच विक हेज समितीचे अध्यक्ष झाले आणि १९९७ साली पहिलं मानक निघालं, वेग सेकंदाला २ मेगाबिट. १९९९ साली ११ मेगाबिटचं आलं आणि त्याच वर्षी एका जाहिरातवाल्या कंपनीकडून 'वाय-फाय' हे नाव पैसे देऊन घेतलं गेलं. हे कशाचंही लघुरूप नाही बरं का. 'हाय-फाय'शी यमक जुळतं, संपलं.

आणि आपल्याकडे? आपल्याकडे घरच्या रेडिओलासुद्धा पोस्टातून परवाना काढावा लागायचा, ती पासबुकासारखी पुस्तिका अजून माईच्या फडताळात आहे. १९३३चा बिनतारी तारायंत्राचा कायदा स्वातंत्र्यानंतरही तसाच चालू होता. २.४ गिगाहर्ट्झचा पट्टा कमी शक्तीच्या उपकरणांसाठी परवान्यातून मोकळा झाला तो २८ जानेवारी २००५ च्या अधिसूचनेने. घराबाहेर ५ गिगाहर्ट्झचा मोठा पट्टा वापरायची सूट तर त्याहून पुढे, २०१८च्या ऑक्टोबरात आली. म्हणजे बेड्यावरचा आमचा कॅमेरा २००४ साली असता, तर त्याला आधी दिल्लीची परवानगी लागली असती. :)

२००५ची ती अधिसूचना निघाल्यानिघाल्या जे घडलं ते मला फार सुंदर वाटतं. हिमाचलात धरमशाला इथे तिबेटी निर्वासितांच्या शाळा आणि संस्था डोंगरउतारांवर विखुरलेल्या. याहेल बेन-डेव्हिड आणि त्यांच्या सोबत्यांनी घरगुती, स्वस्तातले राउटर घेतले, त्यांत स्वतःची प्रणाली घातली, पेट्यांत बंद करून छपरांवर टांगले आणि फेब्रुवारी संपेपर्यंत आठ ठिकाणं मेशने जोडलीसुद्धा! काही नोड सौरऊर्जेवर. आणि शत्रू कोण, तर माकडं. अँटेनांना लोंबकळायची. आमच्या वाडीतल्या वानरांचा अनुभव असलेल्या कोणालाही हे वाचून गहिवरून येईल. ही मंडळी पुढे 'एअरजल्दी' या नावाने ओळखली गेली.

त्याच सुमाराला अमेरिकेतल्या केंब्रिजमध्ये (हो, दुसरं केंब्रिज) एमआयटीच्या विद्यार्थ्यांनी 'रूफनेट' नावाने स्वयंसेवकांच्या छपरांवर ३७ नोड लावून सुमारे चार चौरस किलोमीटरचं जाळं केलं. त्यांना एक गोष्ट उमगली, ती प्रत्येक घरात मेश लावणाऱ्याने भिंतीवर लिहून ठेवावी अशी आहे. आधी सगळ्यांना वाटायचं की निरोप कमीत कमी हातांतून गेला की उत्तम. पण कमी हात म्हणजे लांबलांबच्या उड्या, आणि लांबच्या उडीचा दुवा कच्चा. एक निरोप चारचार वेळा ओरडून सांगायचा, आणि तेवढा वेळ हवा अडवून ठेवायची. त्यापेक्षा जवळजवळच्या दोन पक्क्या उड्या बऱ्या. म्हणून त्यांनी २००३ साली एक माप काढलं: निरोप पोचायला सरासरी किती वेळा पाठवावा लागतो ते मोजा, आणि बेरीज सर्वांत कमी येईल तो रस्ता धरा. रूफनेटमधून पुढे मेराकी ही कंपनी निघाली, २०१२ साली ती सिस्कोने घेतली. २०१६ मध्ये ईरो आणि मग गूगलने हेच जाळं पांढऱ्या गोंडस डब्यांत घालून घरोघरी विकलं. निर्वासितांसाठी आणि विद्यार्थ्यांसाठी जे जन्मलं, ते तीन बेडरूमच्या बंगल्यात पोचलं.

आता या दोन कहाण्या माईच्या अंगणात एकमेकींना कशा भेटल्या ते सांगतो. ज्यांना तांत्रिक भागाचा कंटाळा आहे त्यांनी पुढचे तीन परिच्छेद उडी मारून जावं, मी रागावणार नाही.

आमच्या घराच्या भिंती जांभ्या दगडाच्या, हातभर जाड. मुख्य राउटर माजघरात, कारण फायबरवाल्याने तार तिथेच आणली. तिथून बेडं दिसत नाही, आणि वाय-फायलाही ते दिसत नाही. घराबाहेर लावायचे बहुतेक स्वस्त बिनतारी कॅमेरे फक्त २.४ गिगाहर्ट्झच ऐकतात. ते एका अर्थी बरंच, कारण हा पट्टा ५ पेक्षा भिंती आणि पानं जरा बरी ओलांडतो. ओली पानं मात्र त्यालाही गिळतात, म्हणून मे महिन्यात बेड्यापर्यंत झकास पोचणारा सिग्नल श्रावणात रडतो. तपासणी करायची तर भर पावसात करावी. पहिल्या जोडणीला कॅमेरा हटून बसतो, त्याचंही कारण बहुधा हेच: मेश दोन्ही पट्ट्यांना एकच नाव देतो, मोबाइल ५ वर जाऊन बसतो आणि कॅमेऱ्याचं ॲप गोंधळतं. मेशच्या ॲपमध्ये उपकरणांसाठी २.४ चं वेगळं नाव काढता येत असेल तर काढावं, नाहीतर जोडणीपुरतं ५ बंद ठेवावं. सुरक्षेचा प्रकार नुसता डब्ल्यूपीए३ असेल तर जुन्या धाटणीच्या कॅमेऱ्यांना तो कळत नाही, दोन्ही चालतील असा मिश्र पर्याय निवडावा.

रूफनेटचा धडा इथे कामाला आला. दुसरा नोड बेड्याजवळ नेऊन ठेवावा असं सगळ्यांनाच वाटतं. पण तिथे त्यालाच माजघरातला राउटर ऐकू येत नसेल तर तो कॅमेऱ्याला काय देणार? तो ठेवला ओटीच्या खिडकीत, जिथून एकीकडे उघड्या दारातून माजघर आणि दुसरीकडे सरळ रेषेत बेडं. लोखंडी गजांच्या आणि पत्र्याच्या मागे नोड ठेवू नये, वाय-फायची लहर सुमारे साडेबारा सेंटिमीटरची, पत्र्यापुढे तिचं काही चालत नाही. आणि ते 'हवा एक, बोलणारा एक' आठवतंय? एखादा कॅमेरा लांबून, कच्च्या सिग्नलवर चोवीस तास चित्र पाठवत राहिला, तर तो एकटाच अख्ख्या घराची हवा खातो आणि मग माईचा व्हिडिओ कॉल अडखळतो. बिचाऱ्या फायबरला शिव्या बसतात. म्हणून चित्राची प्रत बेताची ठेवली आणि हालचाल झाली तरच पाठव असं सांगितलं. (आगरातल्या कॅमेऱ्याने पहिल्या दिवशी केळीची पानं हलली म्हणून दीडेकशे वेळा खबर दिली. चौकट आखून तेवढ्याच भागावर लक्ष दे असं सांगावं लागलं.) जिथे तार नेणं शक्य आहे तिथे तारच न्यावी या मताचा मी आहे. बेड्यापर्यंत मात्र नेली नाही, कारण वळवाच्या पावसात आमच्याकडे विजा अशा पडतात की लांबच्या तांब्याच्या तारेतून ती थेट माजघरातल्या राउटरला भेटायला यायची.

आणि वीज जाणं! ही गोष्ट परदेशी माहितीपत्रकांत कोणी लिहीत नाही. वीज गेली आणि आली की सगळे एकदम उठतात. कॅमेरा चटकन उठतो, ओटीवरचा नोड सावकाश. मग कॅमेऱ्याला माजघरातल्या राउटरचा जो पुसट आवाज येतो तोच धरून तो बसतो, आणि जवळचा नोड जागा झाला तरी तिकडे जातोच असं नाही. चालणारा मोबाइल नोड बदलत राहतो, खिळ्याला टांगलेला कॅमेरा बदलत नाही. राउटर आणि नोड इन्व्हर्टरवर टाकले तेव्हा हा त्रास संपला. काही मेशमध्ये 'हे उपकरण याच नोडला बांधून ठेव' अशी सोय असते, ती असेल तर सोन्याहून पिवळं.

एवढं झाल्यावर दादाने न्यू जर्सीतून बेडं पाहिलं. पोस्टमन, गडग्यावरची वानरं, शेजारच्या काकांची सायकल. त्याला भरून आलं असावं, कारण दहा मिनिटं तो काही बोललाच नाही. ते मी समजू शकतो. पण मग लगेच, "ओटीवरचा कधी लावतोयस?"

दादा, तू वाचणार आहेस म्हणून इथेच उत्तर देतो. तुझी काळजी खोटी नाही. गेल्या पावसाळ्यात माई न्हाणीघराशी घसरली आणि दोन तास कोणाला कळलं नाही, हे मीही विसरलेलो नाही. पण ओटीवरचा कॅमेरा न्हाणीघर दाखवत नाही आणि तू रात्री झोपलेला असताना इथे दिवस असतो. तो कॅमेरा पडलेल्या माईला उचलणार नाही, तो बसलेल्या माईला फक्त बांधून ठेवील. ओटीवर ती केस वाळवते, शेजारणीशी गुजगोष्टी करते, काकांच्या आठवणीने कधीमधी डोळे पुसते. ते चित्र कुठल्या तरी लांबच्या सर्व्हरवरून फिरून तुझ्याकडे येणार. अशा सर्व्हरांचं काय होतं ते उघड झालेलं आहे. रिंग हे नाव तुला ठाऊक असेलच. जेमी सिमिनॉफने 'डोअरबॉट' म्हणून २०१३ साली टीव्हीवरच्या कार्यक्रमात गुंतवणूकदारांपुढे मांडलेली ती घंटा, तिथून तो रिकाम्या हाताने परतला आणि २०१८ साली ॲमेझॉनने ती कंपनी घेतली. मे २०२३ मध्ये अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने तिच्यावर आरोप ठेवला की कर्मचाऱ्यांना आणि कंत्राटदारांना ग्राहकांचे खासगी व्हिडिओ बघता येत होते. ५८ लाख डॉलर्सवर ते प्रकरण मिटलं. आणि २०१६ साली 'मिराई' नावाच्या प्रोग्रामने कारखान्यातून आलेले पासवर्ड तसेच ठेवलेले हजारो कॅमेरे आणि रेकॉर्डर कबजात घेतले होते, २१ ऑक्टोबरला त्यांच्या जोरावर डिन या कंपनीवर हल्ला झाला आणि अमेरिकेत ट्विटर, नेटफ्लिक्ससकट कितीतरी मोठमोठ्या साइट्स तासन्‌तास अडखळल्या. लोकांच्या फाटकांवरचे कॅमेरेच ते!

म्हणून मी काय केलंय ते ऐक. दोन्ही कॅमेऱ्यांचे पासवर्ड बदललेत, ते माईच्या पंचांगाच्या मागच्या पानावर आहेत. चित्रण कॅमेऱ्यातल्या कार्डावरच राहतं. दोघांसाठी वाय-फायचं वेगळं नाव आहे, पाहुण्यांसाठीचं नव्हे, कारण पाहुण्यांच्या जाळ्यातली उपकरणं सहसा घरातल्या पडद्याशी बोलू शकत नाहीत आणि मला तर पडदा हवाच होता. तुझा जुना टॅबलेट स्वयंपाकघरात मिसळणाच्या डब्याच्या वर, भिंतीला लावलाय. बेडं आणि आगर त्यावर घरातल्या घरात दिसतं, इंटरनेट बंद पडलं तरी दिसतं, कारण चित्र कॅमेऱ्याकडून नोडला, नोडकडून टॅबलेटला एवढंच जातं. बेडं वाजलं की माई पोळी उलथता उलथता मान वर करून बघते. नको असलेला कोणी असला की तिथूनच, कॅमेऱ्याच्या स्पीकरवर, "घरात पुरुषमाणसं जेवायला बसलीयेत, नंतर या!" असं खणखणीत सांगते. घरात पुरुषमाणूस म्हणजे बोका. तुलाही बेडं दिसतं, पण तिने टॅबलेटवर परवानगी चालू ठेवली तरच. दुपारी ती झोपते तेव्हा बंद करते, घाबरून मला फोन करत जाऊ नकोस.

घसरण्याचं म्हणशील तर तिच्या गळ्यात अडकवायचं एक बटण आणलंय. दाबलं की शेजारच्या काकांच्या घरी आणि माझ्या मोबाइलवर वाजतं. दोनदा चुकून वाजलं, दोन्ही वेळा काका तीन मिनिटांच्या आत, एकदा तर दाढीचा साबण तोंडावर तसाच, हजर. न्हाणीघरात फरशीवर खरखरीत लाद्या बसवल्यात, त्याचं बिल तुला वेगळं पाठवतो.

तिसऱ्या कॅमेऱ्यासाठी माईनेच जागा सुचवली आहे. विहिरीजवळच्या फणसावर, कारण वानरांची टोळी नेमकी कुठून उतरते ते तिला बघायचंय. पण गोठ्याच्या पत्र्याआड ओटीवरच्या नोडचा आवाज तिथवर जात नाही, गोठ्याच्या या कोपऱ्यावर अजून एक नोड लागेल. तिकडून आणू नकोस, तिकडचे नोड इकडच्यांशी जुळतीलच असं नाही. मी इथेच घेतो, गणपतीच्या आधी बसवतो. तू फक्त पैसे पाठव. :)